उपनगरातल्या आईचं एक मत

चहा घ्या, खारी घ्या, पण आधी एक कबूल करा: मी जे सांगणार आहे ते ऐकून 'जाऊ दे गं, होतं असं' म्हणायचं नाही. असं कुणाचं होत नाही. असं फक्त माझं होतं.

अमेरिकेतल्या निवडणुकीत मी माझ्या पोटच्या मुलीला पाडलं. इथे, ओमानमधल्या सीबमध्ये बसून!

थांबा, क्रमाने सांगते.

आमची सई सहावीत. मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात चार ओळींची कविता म्हणायला उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला गप्प झाली. हातात माइक, डोळे भरलेले, आणि समोर दुसऱ्या रांगेत मी, ओठ हलवून अख्खी कविता म्हणतेय. शेवटी मिसनी तिला हाताला धरून खाली आणलं. त्यानंतर वर्षभर पोरीने वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी नाही. मी बदाम भिजवले, देवाला साकडं घातलं, गुगलला विचारलं. तिघांचाही उपयोग शून्य.

आणि एक दिवस ती बसमधून उतरली आणि म्हणाली, "आई, मी कँडिडेट आहे."

सोशल सायन्सचं प्रदर्शन होतं. प्रत्येक वर्गाने एका देशाची निवडणूक करून दाखवायची. मिसची अट एकच: इथलं काही नको, आपल्याकडचंही नको, ज्यावरून पालक भांडणार नाहीत असं काहीतरी लांबचं घ्या. चिठ्ठ्या टाकल्या, आणि सहावी 'ब'ला निघाली रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षातर्फे कोण उभं राहणार हे ठरवायला आधी पक्षातल्या पक्षात होते ती मारामारी. वर्गातच फेऱ्या झाल्या, एकेक जण गळत गेला आणि शेवटी दोघी उरल्या. आमची सई आणि तिची जिवलग मैत्रीण एव्हलिन. एव्हलिन म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या फिलोमिनाची मुलगी. शेवटची भाषणं गुरुवारी दुपारी, पालकांसमोर. मतंही पालकच देणार.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला धडकी भरली. पुन्हा गप्प झाली तर? आता तर ती मोठीही झालीये, या वेळी लक्षात राहील! म्हणून मी ठरवलं, हिची तयारी इतकी करून घ्यायची की गप्प बसायला जागाच उरता कामा नये.

पुढचे चार दिवस मी स्वयंपाक कमी आणि आयोवा, म्हणजे ही मारामारी जिथून सुरू होते ते राज्य, जास्त केलं. म्हातारे मतदार कुणाकडे झुकतात, चर्चला जाणारे कुणाकडे, कॉलेज न शिकलेले कुणाकडे, शेतकऱ्यांना काय ऐकायला आवडतं, सगळं वाचून काढलं. फ्रिजवर तक्ता लावला.

नवरा, निखिल, पाण्याची बाटली घ्यायला आला. "ही काय, सामानाची यादी?"

"मतदार आहेत. हात लावू नकोस."

जेवायला तीन दिवस फोडणीची पोळी. सईने तोंड वाकडं केलं की माझं ठरलेलं उत्तर, "चांगली आहे. वाया कशाला घालवायची?" हे वाक्य लक्षात ठेवा हं. मला ते पुढे फार महागात पडलंय.

तक्त्यात एक रकाना मात्र अडला. चर्चवाले मतदार! मग मला फिलोमिना आठवली. ती वसईची, इथे एका हॉटेलच्या रिसेप्शनला असते, इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी सहकुटुंब चर्चला जाते. गेले खाली.

"फिलोमिना, चर्चला जाणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं गं?"

"लवकर संपणारं प्रवचन आणि पार्किंगला जागा."

"अगं, मी सीरियसली विचारतेय!"

"मग मी काय मस्करी करतेय? एकदा शुक्रवारी येऊन गाडी लावून दाखव." मग तिने माझ्या हातातली वही बघितली. "हे सगळं सईचं? बाय माझे, इलेक्शन तिचं आहे की तुझं?"

"एव्हलिनची तयारी झाली?"

"काय ठाऊक. शेवट सुचत नाहीये म्हणत होती. सुचेल तिचा तिला."

तुम्हाला खरं सांगते, मला एव्हलिनची दया आली. बिचारी! आईचं लक्षच नाही.

सईने तिचं भाषण स्वतः लिहिलं होतं. मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्यांदा सीमेचा मुद्दा घातला. माझ्या तक्त्यानुसार या मतदारांना तो लागतोच. 'बाहेरून आलेल्यांना परत पाठवू.'

सईने वाचलं. "आई, पण आपण पण बाहेरून आलोय ना इकडे?"

"आपलं वेगळं आहे. आपल्याकडे रेसिडेंट कार्ड आहे."

"दॅट्स सो मीन, आई."

"मीन नाही बाळा, ती स्ट्रॅटेजी आहे."

मग शेवटचा परिच्छेद आला. सुरुवातीलाच 'मदर्स' शब्द दिसला. मी पुढचं वाचलंसुद्धा नाही, सरळ तिरकी लाल रेघ मारली.

"सई, हे काढ. उपनगरातल्या, कॉलेज शिकलेल्या आया. हा गट आपला नाही. या बायका फार विचार करतात, ऐन वेळी मन बदलतात. त्यांच्या मागे लागायचं नाही."

"पण मला ते आवडलंय."

"तुला आवडून काय उपयोग? मतदाराला आवडायला हवं."

तिने कागद उचलून दप्तरात ठेवला. मला वाटलं, पटलं तिला.

गुरुवार उजाडला. हॉलच्या दारात मिस एक बिस्किटांचा डबा घेऊन उभ्या. प्रत्येक पालकाने त्यातून एक कार्ड काढायचं. कार्डावर आपण कोण ते लिहिलेलं. निखिलला निघालं: 'टेक्सस, तेलविहिरीवर कामगार.' हा माणूस आठवडाभर तेल कंपनीतच असतो! "इथेपण ड्युटी?" म्हणाला. फिलोमिना झाली निवृत्त सैनिक. तिने लगेच मला सॅल्यूट ठोकला.

मी कार्ड उलटलं. 'उपनगरात राहणारी आई. पदवीधर. काळजी करणारा स्वभाव. अजून निर्णय झालेला नाही.'

मी चार दिवस जिच्यावर फुली मारत होते, ती बाई माझ्या हातात!

मिस माइकवर म्हणाल्या, "पेरेंट्स, प्लीज, आज तुम्ही कुणाची मम्मी नाही, कुणाचे डॅडी नाही. कार्डावरची व्यक्ती व्हा आणि प्रामाणिकपणे मत द्या."

आता माझा दोष समजून घ्या. आम्हाला इथे येऊन दहा वर्षं झाली. तिकडे भारतात मतदान असतं तेव्हा आम्ही इथे, आम्ही तिकडे जातो तेव्हा मतदान नसतं. दहा वर्षांत मला कुणी मत विचारलेलं नाही. घरातसुद्धा नाही! आणि इथे खरी पेटी, खरी चिठ्ठी, बोटाला लावायला जांभळा मार्कर. माझ्या अंगावर काटा आला हो. आणि प्रामाणिकपणे द्या म्हटल्यावर मी अप्रामाणिकपणे कशी देणार?

सई आधी बोलली. बोलली! गप्प नाही झाली. तिचा आवाज खणखणीत. मग आलं माझं वाक्य. "बाहेरून आलेल्या सगळ्यांना आम्ही परत पाठवू!"

झाडून सगळे पालक व्हिसावर. एका गृहस्थाने तर नकळत पाकीट चाचपलं. मग टाळ्या आल्या, एकट्याच्या. टेक्ससच्या कामगाराच्या. त्याच्या मागून बाकीच्यांना आपापली कार्डं आठवली आणि तेही वाजवायला लागले.

मग एव्हलिन. साधंच बोलली. इंग्रजीत होतं, पण शेवट तुम्हाला मराठीत सांगते. "गेटवर उन्हात उभ्या राहून बॅगेतली बाटली तीन-तीनदा तपासणाऱ्या आयांनो, काळजी करू नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ऐकणारच नाही. फक्त त्यातली अर्धी मला द्या."

बाटली तीनदा! हिला कसं कळलं? कार्डावरची आई आणि मी, दोघी मिळून रडलो. आणि उठून, डोळे पुसत, पूर्ण प्रामाणिकपणे, पेटीत चिठ्ठी टाकली. एव्हलिन. बोटाला मार्कर लावून घेतला, फोटोपण काढला.

सई एका मताने हरली.

एका!

बाहेर फिलोमिना भेटली. "मी तुझ्या सईला दिलं गं. सैनिक माणूस, सीमेचं ऐकलं आणि दिलं. निखिलनेपण तिलाच ना?" मग तिची नजर माझ्या जांभळ्या बोटावर. "आणि तू?"

मी बोट ओढणीत लपवलं.

गाडीत सई मागे बसली होती. रडत नव्हती. तेच जास्त वाईट.

"आई, तू कुणाला व्होट केलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी मला प्रामाणिकपणाचा झटका आला होता ना! सांगितलं सगळं. कार्ड दाखवलं.

तिने कार्ड वाचलं. "पण तू म्हणालीस, हा ग्रुप आपला नाही."

"हो गं."

"तुला एव्हलिनचं एंडिंग आवडलं?"

"फार. पाणी आलं डोळ्यांत."

"ते माझं होतं."

निखिलने गाडीचा वेग कमी केला.

"तुझं?"

"तू रेड पेनने कट केलं ना, ते. एव्हलिनकडे एंडिंग नव्हतं, मग मी तिला दिलं." आणि मग माझ्या लेकीने, जिचं मराठी अडखळतं म्हणून मी रोज काळजी करते, एकही शब्द न अडखळता विचारलं, "चांगलं होतं. वाया कशाला घालवायचं?"

पुढचा सगळा रस्ता मी आपली थुंकी लावून बोट चोळत होते. मार्कर पक्का होता.

पार्किंगमध्ये गाडी थांबली. मी तशीच बसून राहिले. निखिलने माझ्या बाजूचं दार उघडलं आणि अदबीने वाकून म्हणाला, "उपनगरातल्या आई, उतरा आता. की अजून निर्णय झालेला नाही?"