दाजींच्या नावावरची शुगर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि अक्काजवळ तर — तिच्याजवळ कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी दाजी कसे होते ते सांगू द्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरकडून मला काळेवाडीत त्यांनीच आणलं, चाकणच्या कंपनीत त्यांनीच चिकटवलं. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या दणदणाटातसुद्धा त्यांचं हसू ऐकू यायचं. आणि जिलबी दिसली की हा मिशाळ माणूस अगदी लहान पोर व्हायचा. फार जीव होता माझा त्यांच्यावर — अजून आहे.

मग ते डबल शिफ्ट करायला लागले आणि कुणीतरी त्यांना मेथ दिलं. काचेच्या चुऱ्यासारखी दिसणारी ती नशा. घेतली की म्हणे सोळा तास डोळा लागत नाही. मला कळलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आरं, सोडतो की. अक्काला नगं सांगू." मी नाही सांगितलं. पण मी कबूल करतोय ते हे नव्हे.

त्याच वर्षी आमच्याकडे नशाविरोधी समिती निघाली. वस्तीतल्या दोन बायका, पोलीस चौकीतल्या मॅडम, कंपनीचे डॉक्टर आणि कामगारांच्या वतीनं — मी. गेटसमोर माइक घेऊन कायदा मीच समजावून सांगायचो. विकणाऱ्याला सुट्टी नाही. पण नशेत अडकलेला माणूस थोड्याशा मालासह सापडला आणि स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सुटायची वाट कायद्यानंच ठेवली आहे. कंपनीनंही लिहून दिलं होतं की तपासणीत कुणी सापडला तर नोकरी जाणार नाही, उपचारासाठी रजा मिळेल. तो कागद मीच मोठ्यानं वाचायचो. लपवू नका, राव, असंही वर म्हणायचो. लोक टाळ्या वाजवायचे, आणि खरं सांगतो, मला त्या टाळ्या आवडायच्या.

वर्षाच्या मेडिकलमध्ये लघवीची तपासणी होतीच. त्या वर्षी त्यात मेथही बघायचं ठरलं. नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या वाटायचं आणि गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. समितीवाला ना मी! माझ्यावर कोण नजर ठेवणार?

दाजींच्या नावाची बाटली मी भरली. माझीही भरली.

रिपोर्ट आले. नशा कुणाचीच नाही निघाली — पण आम्हा दोघांना शुगर निघाली! मला ती होती हे मलाच ठाऊक नव्हतं. अक्कानं कपाळावर हात मारला. "दोघांनी मिळून जिलब्या हाणल्या, भोगा आता," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू. दाजी बिचारे तोंड वाकडं करून पेला रिकामा करायचे आणि हळूच माझ्या कानाशी म्हणायचे, "लेका, शुगर तुझी नि कारलं मला व्हय रं?" आम्ही पोट धरून हसायचो. का नाही हसणार? आम्हाला वाटलं, सुटलो.

नशा सुटली नव्हती. दाजी वाळत चालले. घशाला कोरड पडायची, रात्र रात्र जाग असायची, दात हलायला लागले. अक्का काळजीनं म्हणायची, शुगर लई वाढली की रं यांची. डॉक्टरकडे न्यायचं म्हणाली तर दाजी सांगायचे, कंपनीच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे. आणि मी? मी मान डोलवायचो. दरवेळी डोलवायचो.

एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळचा चहा हातात असताना दाजी बसल्या जागी कलंडले. बिनसाखरेचा चहा. गल्लीतले डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, आणि अक्कानं शुगरचं सांगितल्यावर म्हणाले, शुगरवाल्यांचं असं होतं. मी तिथेच उभा होतो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाटली मी दाजींना वाचवायला भरली. पण वाचवायचं कशापासून — नोकरी तर जाणार नव्हती ना? तो कागद मला तोंडपाठ होता. मला भ्या वाटलं ते माझं. समितीवाल्याच्या घरातच निघालं, असं गेटवर कुणी म्हणेल, हातातला माइक जाईल — एवढंच. त्या माइकपायी मी माझ्या दाजींच्या उपचाराची वाट बंद केली.

त्या रिपोर्टमुळे माझी शुगर वेळेत कळली. गोळ्या वेळेवर घेतो, तब्येत ठणठणीत आहे.

दर गुरुवारी मी अक्काकडे जातो. ती माझ्यासाठी कारल्याचा रस काढते आणि पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलत नाही. "शुगरनं त्यांना नेलं," म्हणते, "तुला न्हाई नेऊ देणार." मी पेला रिकामा करून तिच्या हातात देतो.