माशांसाठी आणलेली बाटली

ये गं माझे बाय, अशी दारातून काय ऐकतेस, जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, तू समोर बसलीयेस असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही. शाळा मला चौथीपुढे मिळाली नाही, बाकीचं सगळं तुझ्या बाबांच्या पेपरांच्या गठ्ठ्यांवरून शिकले, तेव्हा काना-मात्रा चुकला तर हसू नको. रागावू पण नको. रागवायची पाळी खरं तर माझी आहे. आईचं बोलणं अर्धं टाकून कुणी नाशिकची एसटी पकडतं का? तांदूळ सुपात तसेच राहिले माझे.

त्या दिवशी तांदळाच्या डब्यात तुला जी दारूची बाटली सापडली, तिची गोष्ट तू ऐकलीच नाहीस. ती आता सांगते. मधे उठायचं नाही.

तुला आठवतं ते मलाही आठवतं. तू लहान होतीस, सकाळी बाबा उठायचे नाहीत, आणि मी तुला सांगायचे, बाबांना ताप आलाय, आवाज करू नको. शाळेतून शिपाई विचारायला आला की त्यालाही तेच. शेजारणीलाही तेच. मग एका झेंडावंदनाला त्यांनी दोरी हातात घेतली आणि हात असा काही थरथरला की गाठ सुटेचना. आश्रमशाळेची सगळी पोरं समोर ओळीत उभी. कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर म्हणाले. त्या दिवसापासून सोडली. पण सोडली म्हणजे काय गं, संध्याकाळ तर रोज येतेच. सहा वाजले की माणूस घरात फिरायला लागायचा. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. हातांना काहीतरी काम हवं होतं.

आधी दाभोशाच्या नदीतले मासे बरणीत आणून ठेवले. मग डहाणूकडून बदलून आलेल्या एका मास्तरांनी त्यांच्या डोक्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीचं भरवलं. बस्स. जीपवाल्याला सांगून समुद्राचं पाणी कॅनमधून येऊ लागलं. जीपमधल्या बायका विचारायच्या, गुरुजी, मीठ महाग झालं का. मुंबईतल्या एका माशांच्या दुकानातून नारंगी मासे आणले, अंगावर पांढरे पट्टे असलेले, दोन. एक समुद्रफूल आणलं, ते फूल नव्हेच, जिवंत प्राणी, बोटांसारखे पदर हलवत बसतं आणि मासे त्यात निजतात. एक छोटा झिंगा, दोन-चार गोगलगाई. पाहुणे आले की त्यांना आपल्या जव्हारचा, शिवाजी महाराज थांबले होते तो शिरपामाळ दाखवायचा आणि मग घरी आणून टाकी दाखवायची, असा नेमच झाला. लोडशेडिंग असलं की हे बॅटरी लावून टाकीत हवा सोडत बसायचे. मला पंखा नाही, माशांना हवा. मी बोलायचे, पण आतून बरं वाटायचं. संध्याकाळ टळायची ना.

वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. मग पाणी बिघडलं. काचेवर तपकिरी बुळबुळीत थर चढायचा, पुसला की दोन दिवसांत परत. फूल आक्रसायला लागलं. पाणी बदल, दगड घास, सगळं करून झालं. मग एका दुपारी ते एसटीडी बूथवरून मुंबईच्या दुकानदाराशी बोलून आले, आणि चहा पुढे ठेवला तरी कप उचलेनात.

मी विचारलं, काय म्हणाला?

मग हळूहळू सांगितलं. माशांच्या घाणीनं पाण्यात खत साचतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते हे खत खातात. पण नुसतं खत त्यांना पोटभर पुरत नाही, सोबत दुसरं खाणं लागतं, आपण भाकरीला लावून कोरड्यास घेतो तसं. ते दिलं की जंतू वाढतात, घाण खातात, आणि फेस काढायचं जे यंत्र टाकीला लावलंय ते त्या जंतूंना फेसाबरोबर बाहेर टाकतं. थेंबांत द्यायचं, रोज, अगदी थोडं. मी म्हटलं, मग देऊ की, काय ते? तर म्हणाले, दारू.

जगात इतक्या वस्तू आहेत. ताक म्हणाला असता, गूळपाणी म्हणाला असता. हेच सापडलं का त्या जंतूंना?

दुकानदार म्हणाला होता की व्होडका घ्या, तिच्यात पाणी आणि अल्कोहोल सोडून काही नसतं. रम नको, तिच्यात रंग आणि गोडवा. मला एकदम शाळेतलं स्पिरिट आठवलं, प्रयोगाच्या दिव्यात घालतात ते. मी म्हटलं, तेच आणा की. तर म्हणाले, त्यात मुद्दाम विष घातलेलं असतं, कुणी पिऊ नये म्हणून. अगं, तेच तर मला हवं होतं. जे कुणी पिऊ शकत नाही ते घरात ठेवायला मला काय भीती? पण ते टाकीत गेलं तर सगळं मरणार. म्हणजे बघ, माशांना जी चालते तीच माणसाचं घर बुडवणारी, आणि माणसापासून राखायला जी बरी ती माशांच्या जिवावर उठणारी. त्या दिवशी मला त्या टाकीचा खरंच राग आला.

शेवटी तेच म्हणाले, "बाटली तुझ्याकडे राहील. थेंब तू घालायचे. मी हात लावणार नाही."

पण बाटली आणायची कुणी? दारूच्या दुकानासमोर गुरुजी उभे राहिले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या जव्हारला कळणार, आणि मी उभी राहिले तर त्याच्याही आधी. म्हणून मी माझं डोकं चालवलं, आणि चुकले. मोखाड्याला माहेरी गेले आणि वहिनीकडून मोहाची आणली. आमच्याकडे मोहाचीला कुणी दारू म्हणून बघत नाही. देवापुढे पहिली धार तिचीच पडते, बाळंतिणीच्या अंगालाही लावतात. मला वाटलं, ही घरातली, देवाच्या मानाची, हिच्यात कसलं आलंय पाप.

वहिनी कसली सोडते. म्हणाली, "वन्स, दाजींनी सोडली तर तुमी धरली का काय?" मी सांगितलं माशांना हवीय. तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, मग मासे मलाच पाठवा, भिजवलेलेच येतील. हसत हसत पहिल्या धारेची काढून दिली. चमचाभर ओतून काडी लावून दाखवली, निळी पेटली. निळी पेटली म्हणजे शुद्ध, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, व्होडकाच्या वर आहे ही.

घरी येऊन मी सांगितलं की वहिनीनं मोखाड्याच्या दुकानातून मागवून दिली. हो, खोटं बोलले. सवय होती ना मला.

सुई काढलेल्या सिरिंजनं मी थेंब घालायचे. हे ओटीवर बसायचे, टाकीकडे पाठ करून, आणि तिथून आकडे सांगायचे. आज इतके थेंब, परवापासून इतके. मी बूच उघडलं की ते उठून अंगणात जायचे. माझ्या मनात यायचं, किती जपतायत.

चौथ्या दिवशी झिंगा उताणा झाला. मग गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. फूल मुठीसारखं मिटलं ते उघडेना. मासे तेवढे जगले. मी रडायलाच लागले. तेव्हा हे म्हणाले, "ती मोहाची आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं."

अंगणातूनसुद्धा वास कळला होता गं त्यांना. आणि चार दिवस गप्प राहिले होते. मी विचारलं, मग बोललात का नाही? म्हणाले, तू माझ्यासाठी इतकी वर्षं खोटं बोललीस, मला वाटलं एकदा तुझंही झाकावं. आणि त्या झाकण्यात झिंगा गेला. परत बूथवर जाऊन त्यांनी दुकानदाराला खरं ते सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न केला, भट्टीची नळी कशाची? पूर्वी माहेरी बांबूची नळी असायची. आता वहिनीनं तांब्याची लावलीय. तांब्याचा अंश माणसाला कळतही नाही, पण समुद्रातल्या या बारीक जिवांना तो सोसत नाही. निळ्या जाळात तांबं दिसत नाही ना. मी ती बाटली परसात ओतली आणि वहिनीला काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते स्वतः दारूच्या दुकानात गेले. भर दुपारी, सगळ्यांसमोर. व्होडकाची बाटली वर्तमानपत्रातसुद्धा न गुंडाळता आणली आणि माझ्या हातात दिली. मी ती तांदळाच्या डब्यात पुरली. त्याआधी तिच्यावर चिकटपट्टी लावून दारू कुठवर आहे त्याची खूण केली. वाटलं त्यांना दिसणार नाही. दिसली. दुसऱ्या दिवशी खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "रोज तारीख घालून खूण करत जा. मलाही बरं वाटेल."

महिन्याभरात पाणी निवळलं. फूलसुद्धा हळूहळू उघडलं. आणि नेमकी तेव्हा तू आलीस, न कळवता, मला चकित करायला. मी बाजारात गेले होते. तू भाताला तांदूळ काढायला डबा उघडलास. मी येईपर्यंत बाटली ओट्यावर होती आणि तुझी पिशवी खांद्यावर.

मी म्हटलं, अगं ती माशांसाठी आहे.

तू हसलीस. म्हणालीस, "आता मासे पितात का? पूर्वी ताप यायचा."

काय सांगू बाय, पूर्वी खोटं बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती, आणि त्या दिवशी खरं सांगताना अडखळली. बाबा टाकीपाशीच होते, सगळं ऐकत होते. तुला वाटलं असेल, गुन्हेगार म्हणून गप्प आहेत. तू फाटकाबाहेर गेलीस, मी मागे धावायला निघाले, तर म्हणाले, "जाऊ दे तिला. तिचं चुकलं नाही."

आता एक सांगते, ते त्यांनाही सांगितलेलं नाही. तू गेल्यावर मी आधी त्यांच्या तोंडाकडे नाही बघितलं. आधी बाटलीवरची खूण बघितली. जिथे होती तिथेच होती. तरी मी बघितलीच.

त्यानंतर त्यांनी टाकी मोडायचं काढलं. मासे डहाणूच्या मास्तरांना देऊन टाकू म्हणाले. मी नको म्हटलं. टाकी गेली तर संध्याकाळी सहा वाजता माणूस कुठे जाईल? आणि परवा दुकानदारानं वेगळंच सांगितलं, सिरका पण चालतो म्हणे, तो चायनीजच्या गाडीवर असतो तो पांढरा, जंतू त्यावरही जगतात, फक्त हळू. आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला. यांनी सिरक्याची बाटली आणूनही ठेवलीय. विचारतात, ती दुसरी कधी ओतून टाकायची?

मीच थांबवलंय. ओतून टाकली तर तू म्हणशील, संपली. संपवली. म्हणून ती अजून डब्यात आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली, खुणांसकट. एकेक दिवस ती घरात ठेवायची म्हणजे काय असतं ते मलाच माहीत. भात शिजवायला डबा उघडते तेव्हा आधी खूण बघते, मग तांदूळ काढते. तेही तांदूळ निवडायला म्हणून हल्ली आत येत नाहीत. किती दिवस असं ठेवू मी त्यांना?

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही, तो मी गमावलाय. तू स्वतः येऊन बघ. पट्टीवरच्या तारखा बघ, टाकीचं पाणी बघ, आणि मग बाबांना जे विचारायचं ते त्यांनाच विचार, मी मधे बोलणार नाही. दिवाळीवर टाकू नको, सुट्टी मिळाली की नीघ. सकाळची गाडी धर म्हणजे जेवायला पोचशील. लवकर ये बाय.