साहेब शाबास म्हणाले

"दरडीच्या पोटातला मुरूम काढू नका, वरचं सगळं अंगावर येईल," असं मी मुकादम रंगनाथला सांगत होतो, तेवढ्यात आमच्या डेप्युटी इंजिनियर साहेबांची जीप आली.

बहात्तरच्या दुष्काळातलं काम. पारनेर तालुक्यात पाझर तलावाचा बांध चालला होता, मी तिथला ओव्हरसियर. बांधाला लागणारा मुरूम शेजारच्या टेकाडातून निघायचा. तो वरून, पायऱ्या पाडत खणायचा असतो. त्याला बेंचिंग म्हणतात. त्यात वेळ जातो. खालून पोखरलं की काम झपाट्यानं होतं, पण वरचा भाग अधांतरी राहतो.

साहेबांनी दरड पाहिली. मी म्हणालो, "सर, हे थांबवून बेंचिंग करायला हवं."

ते रंगनाथकडे वळले. "बांध बराच वर आला की! शाबास!"

जीप गेली. मी लोकांना बाहेर यायला सांगितलं. रंगनाथ म्हणाला, "आता सायेबच शाबास म्हनलं, तुमी कशाला आडवता?" काहीजण बाहेर आले. बाकीचे मुकादमाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि पुन्हा खणायला लागले.

दुपारी दरड कोसळली. हौसाबाई खाली पाटी भरत होती. तिचा नवरा किसन नखांनी मुरूम उपसत होता. तिला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशीला प्रांतसाहेब आले. डेप्युटी साहेब म्हणाले, "मी परवानगी दिलीच नाही. शाबास म्हणजे काय मंजुरी असते?"

प्रांतसाहेब निजामाच्या मुलखात उर्दूतून शिकलेले. आवाज न चढवता म्हणाले, "नसते. शाबास म्हणजे फारसीतलं 'शाद बाश'. खूश राहा, एवढाच अर्थ. मंजूर मात्र अरबी, नजरेच्या घराण्यातला. मूळ अर्थ, पाहिलेलं. दरड तुम्ही पाहिली होती ना?"

"पाहिली होती, पण..."

"मग झालं."

किसन दाराशी उभा होता. "खूश ऱ्हा म्हनलं व्हय," एवढंच तो बोलला.

डेप्युटी साहेबांची बदली झाली. रंगनाथची मुकादमी गेली. बेंचिंग सुरू झालं. दिवस-कार्य उरकून किसन त्याच कामावर परत आला. दुसरीकडे काम नव्हतं.

पुढे नोकरीभर मीही लोकांचं कौतुक केलं. पण काम चालू ठेवायचं की थांबवायचं, ते आधी सांगून.