केस सोडून सगळं सांग

बोलणाऱ्याला गप्प करणारा आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणारा आमच्या वकीलबाबूंसारखा माणूस अख्ख्या कलकत्त्यात दुसरा नसेल. मी उगाच म्हणत नाही. मला गप्प करणं सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही, शाळेतल्या बाईंना तर नाहीच नाही, आणि नववीत मी शाळाच सोडली तेव्हा सगळ्यात जास्त बरं त्यांनाच वाटलं असेल. वकीलबाबूंनी मला दोन मिनिटांत गप्प केलं, तेही एका लिमलेटच्या गोळीवर.

झालं असं, की आमचे हे गलाईचं काम करतात. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवून, शुद्ध करून द्यायचं. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं देशभर हेच करतात. बहूबाजारात एका जिन्याखाली आमची भट्टी आणि वर आमची खोली. एका सकाळी पोलीस आले आणि म्हणाले, चोरीची साखळी इथं वितळली. आता मला गावाकडं एवढंच शिकवलेलं, की दारात कोण आलं तर चहा टाकायचा आणि विचारलं ते खरं सांगायचं. मी चहा टाकला, बशीत बिस्किटं मांडली आणि सांगून मोकळी झाले, की होय साहेब, मंगळवारी आली होती साखळी, जाड होती, पेरूच्या पानाच्या आकाराचं पदक होतं, ह्यांनीच वितळवली, मी या डोळ्यांनी बघितली. मला वाटलं, खरं बोललं की सोडतात. साहेबांनी चहा संपवला, आलं छान लागलं म्हणाले आणि ह्यांना घेऊन गेले. ज्या सोनारानं साखळी पाठवलेली, तो म्हणाला मी असली साखळी कधी बघितलीच नाही. ह्यांचं काम सगळं तोंडी, विश्वासावर. वही नाही, पावती नाही. घरात मी आणि दीड वर्षाची पोर.

वकील कुठं मिळतो तेही मला माहीत नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात एकदा बालीगंजच्या एक बँकवाल्या वहिनी भेटल्या होत्या, त्यांना फोन लावला. त्यांनी एस्प्लनेडचा एक मोठा वकील सांगितला. तिथं एवढं गार होतं, की पोरीनं पांढऱ्या सोफ्यावर मुतून ठेवलं, आणि माझं नाव पुकारायच्या आत मीच जिना उतरले. मग सरळ सियालदहच्या कोर्टात गेले. तिथं तर काळ्या कोटांनी मला असं घेरलं, जसं एसटी स्टँडवर वडापचे जीपवाले घेरतात. एक दंड धरतोय, एक पिशवी ओढतोय, जामीन का, घटस्फोट का, चेक का. मी रडायच्या बेतात. वकील बसतात त्या अख्ख्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच वकील मला ओढत नव्हता, कारण तो झोपलेला होता. डोक्यावर माकडटोपी, अंगात काळा कोट, आणि शेजारी बाकाच्या पायाला साखळी-कुलपानं बांधलेली छत्री. मी त्याच्यापुढं जाऊन बसले. वकील असा शोधतात का, असं हे अजून मला विचारतात. मी म्हणते, सापडला ना?

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, जेवलीस का मा? बंगाल्यांत लेकीच्या वयाच्या बाईला मा म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. साठीचा माणूस मला आई म्हणतोय म्हटल्यावर मी आणखीच घाबरले, आणि घाबरले की मी बोलते. साखळी, पदक, चहा, बिस्किटं, सगळं एका दमात सुरू झालं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. त्यांनी कोटाच्या खिशातून लिमलेटची गोळी काढली, कागद सोडवला आणि माझ्या तोंडात घातली. म्हणाले, जे पोलिसांना सांगितलंस ते आता कुणालाच सांगायचं नाही, अगदी मलासुद्धा, हळू बोलायला शिकेपर्यंत. मग वाटाण्याची घुगनी आणि पाव मागवला आणि मी संपवेपर्यंत पोरीला कागदपत्रांच्या लाल फितीनं खेळवलं. त्यांचं हिंदी मोडकं, माझंही मोडकं, पण दोघांचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळं मिळून एक अख्खं व्हायचं.

त्यांच्या खिशात गोळ्या कायम असायच्या आणि कायम कामाला यायच्या. तुरुंगातून तारखेला आलेला दांडगा गुंड शिव्या द्यायला लागला की त्याच्या तोंडात गोळी. मुलाच्या जामिनासाठी आलेली म्हातारी पाया पडायला वाकली की वाकल्या वाकल्या गोळी. सगळे अशील गाल फुगवून ओळीनं बसलेले, शेड बालवाडीसारखी दिसायची. चोरांवर त्यांचा फार जीव. एका म्हाताऱ्या पाकीटमाराला ते रोज गुडघे कसे आहेत विचारायचे, तेल सांगायचे, आणि बोलता बोलता छत्रीचं कुलूप ओढून बघायचे. मी एकदा विचारलं, एवढा जीव आहे तर कुलूप कशाला? म्हणाले, “मा, माझ्या ओळखीचे सगळे चोरच आहेत.” त्याच पाकीटमाराला सोडवून आणल्यावर मला चैन पडेना. तो खरंच चोर नाही का, असं विचारलं. “चोर तर आहेच. पण ही चोरी त्याची नाही. दोन्ही गोष्टी कोर्टाला कुणीतरी वेगवेगळ्या करून दाखवायला नकोत?” एवढंच काम आहे माझं, म्हणाले, आणि परत टोपी डोळ्यांवर ओढली.

ह्यांचा जामीन एकदा फेटाळला. पुढची तारीख आठ दिवसांनी. सासऱ्यांचा गावाहून निरोप आला, की पोरीला घेऊन निघून ये, त्याचं काय व्हायचं ते होईल. मी गाठोडं बांधून वकीलबाबूंकडं सांगायला गेले, तर त्यांनी बाकावर पाय वर घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, “आज केस सोडून सगळं सांग.” गोळी नाही, काही नाही. मला रडू येत होतं, पण बोल म्हटल्यावर मी कसली थांबतेय. माहेर सांगितलं, म्हैस सांगितली, मग सासूच्या तक्रारी काढल्या. सासूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला केर दाराबाहेर लोटताना बघून कपाळ बडवलेलं, कारण गलाईवाल्याच्या घरात केर टाकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात. भट्टीजवळचा केर डब्यात, पायपुसणं फाटलं की डब्यात, सोनार ज्या कागदात दागिना गुंडाळून पाठवतो तो कागदसुद्धा डब्यात, आणि वर्षातून एकदा सगळं जाळून राखेतून सोनं काढायचं. वकीलबाबू घोरत होते, म्हणजे मला तसं वाटलं. एक डोळा उघडला.

“कागद जाळले?”

म्हटलं, नाही, ते दिवाळीच्या आधी.

छत्री हिसकून ते उठले आणि निघाले. छत्रीला साखळी, साखळीला बाक, आणि बाकावर गुडघेवाला पाकीटमार. दोन पावलं तो बाकासकट ओढला गेला, तेव्हा कुलपाची आठवण झाली.

आमच्या भट्टीत शेजारच्या दोघा बंगाली दुकानदारांना साक्षीला बसवून, त्यांच्यादेखत वकीलबाबूंनी डबा पालथा केला आणि काळ्या कोटासकट केरात मांडी घातली. दोन तास एकेक कागद उलगडला. पोर पलीकडं बसून गोळ्यांचे कागद उलगडत होती. शेवटी सापडला. सोनाराच्या दुकानाचं छापील नाव, त्याच्या हातानं लिहिलेलं साखळीचं वजन, पदकासकट, आणि त्या मंगळवारची तारीख. त्यांनी दुकानदारांच्या सह्या घेतल्या, कागद कपाळाला लावला आणि निघाले, तर मी त्यांना दारात अडवलं. कोट धुळीनं भरलेला. सवयच ती, मी त्यांना डब्यापाशी उभं केलं आणि कोट डब्यात नीट झटकून घेतला, मगच जाऊ दिलं. ते हात पसरून उभे राहिले, झडती दिल्यासारखे.

तारखेला त्यांनी मला आधीच गोळी दिली. सरकारी वकील म्हणाला, आरोपीनं चोरून, लपवून सोनं वितळवलं. माझ्या पोटातून शब्द वर आले. मी दात आवळले आणि गोळी अशी कडकन फुटली, की जजसाहेबांनी मान वर करून बघितलं. वकीलबाबू शांतपणे म्हणाले, “हुजूर, आरोपीची बायको. तिला बोलायचंय, पण मी मना केलंय.” मग कागद पुढं केला. ह्यांना त्या दिवशी जामीन मिळाला आणि पुढं केसमधून नावही गेलं. संध्याकाळी हे घरी आले, पोरीनं ओळखलं नाही, रडली, मग ह्यांची दाढी ओढून बघितली आणि गप्प झाली.

आता पोर बंगाली शाळेत जाते आणि वकीलबाबूंना दादू, म्हणजे आजोबा, म्हणते. मला मात्र दार जोरात वाजलं की अजून धस्स होतं. चहा अजून टाकते, बोलत नाही.

वकीलबाबूंनी यंदा कोर्ट सोडलं. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाले. बालीगंजला जुन्या इमारतीत एकटेच असतात, मुलगा परदेशात. दुर्गापूजेनंतर मी आणि पोर भेटायला गेलो, लिमलेटचा पुडा घेऊन. कोपऱ्यात छत्री उभी होती, साखळी नव्हती. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. म्हणाले, “इथं कोण नेणार?”

मला काय बोलावं सुचेना, मला, आणि म्हणून तोंडातून त्यांचंच वाक्य निघालं. म्हटलं, बाबू, केस सोडून सगळं सांगा.

ते हसले. मग वारलेल्या बायकोचं सांगायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. ते घरात फार बोलायचे म्हणे, जेवताना, आंघोळ करताना, पेपर वाचताना, आणि ती एक शब्द न बोलता येऊन त्यांच्या तोंडात गोळी घालायची. रोज सकाळी कोटाचा खिसाही तीच भरायची, कोर्टात तरी कमी बोलावं म्हणून. बाहेर दिवे लागले, ह्यांचा दोनदा फोन येऊन गेला, पोर त्यांच्या पायाशी झोपली. ते बोलतच होते. पुडा माझ्या मांडीवर होता. मी उघडला नाही.