जमिनीवर आखलेला माळा

लाकडाचं घर बांधायचं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग वाळवीची आठवण करून देतात. आमच्या यांनी मात्र सगळा जन्म लकडगंजात फर्निचरचा कारखाना चालवला, त्यामुळे लाकूड सोडून दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वासच नाही. कामठी रोडच्या आतल्या बाजूला आमचा एक प्लॉट नुसता गवत वाढवत पडला होता. कारखाना बंद केल्यावर यांनी तिथं स्वतःच्या हातानं सागवानी खांब आणि तुळयांचं घर उभं करायचं ठरवलं. मला ते आवडलंही होतं. भाड्याच्या घरात स्लॅबखाली उन्हाळे काढून मी विटले होते.

आमचं वाजलं ते वरच्या माळ्यावरून. पहिल्या नकाशात माळा नव्हताच. आम्हा दोघांना दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, संपलं. पण दिवाळीला मुलगी सासरहून आली, संक्रांत झाली, तरी परत जायचं नाव काढेना. विचारलं तर एवढंच म्हणायची, "तिथं नाही जमत मले." बाथरूममध्ये शिरली की बाहेर यायची नाही. मी दार बडवून ओरडायची, "अंदर झोपली का वं?" आणि एक दिवस यांनी नकाशावर माळा चढवला. एक खोली, तिला लागून बाथरूम, पुढे छोटी गॅलरी.

मी संतापले. खोली बांधली म्हणजे पोरगी आता कायमची आली, असं आपणच चार लोकांत सांगितल्यासारखं. जावई फोन करायचा, आई आई करून गोड बोलायचा. त्याच्या तोंडून वाकडा शब्द मी कधी ऐकला नव्हता. इथं माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे तुळया निवडत बसलेले! मी नाही नाही ती कारणं काढली. फळ्यांची जमीन कुरकुरेल, मे महिन्यात वर भट्टी होईल, माझ्या गुडघ्यांना जिना झेपणार नाही.

"तुह्या गुडघ्यासाठी थोडीच बांधून राहिलो मी," हे म्हणाले आणि पुन्हा पट्टी-पेन्सिलीत तोंड खुपसून बसले.

यांची एक जुनी रीत आहे. कारखान्यात मोठं कपाट करायचं झालं की आधी खऱ्या मापानं फरशीवर खडूनं आखायचे. घराचंही त्यांनी तेच केलं. प्लॉटवरचं गवत काढून चुन्यानं खालच्या खोल्या आखल्या. आता माळा हवेत कसा आखणार? तो त्यांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आखला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एका बाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काहून वं बाई, दोघं वेगळे होऊन राहिले का?"

मी म्हटलं, "अजून तरी नाही. माळा झाला की होऊ."

त्या घरात चालायचे नियम होते. चुन्याची भिंत ओलांडायची नाही, दारासाठी सोडलेल्या जागेतूनच जायचं. जिन्याच्या रेघांवर पाय उचलून टाकायचे, म्हणजे पायरी जमते का ते कळतं. मी मुद्दाम भिंतीतून चालायची आणि हे ओरडायचे.

एका शनिवारी सकाळी जावयाचा फोन आला, उद्या न्यायला येतो म्हणाला. मी कोणाला न विचारता "या" म्हटलं. दुपारी आम्ही तिघं प्लॉटवर गेलो तेव्हा सांगून टाकलं. "उद्या येऊन राहिले ते तुले न्यायले." हे हातातला चुन्याचा डबा घेऊन तसेच उभे राहिले. मुलगी जिन्याच्या रेघांवरून गेली, एकेक पाय उचलत, आणि माळ्यावरच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"बाबा, या दाराले आतून कडी राहीन ना?"

"राहीन ना बेटा. कडीशिवाय दार असते का?"

"तिथं काढून टाकली होती," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत. बाथरूमची पण."

"काहून?" मी विचारलं.

"बंद दार त्याले चालत नाही."

दाराचं माप सांगावं तशी ती बोलत होती. बाथरूमचं दार बडवणारा माझाच हात मला दिसायला लागला, आणि दाराच्या आत गप्प बसलेली ती.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. जावईच होता, उद्या किती वाजता येऊ ते विचारायला. मी म्हटलं, "येऊ नका. ती येत नाही." तो तेव्हाही गोडच बोलत होता. त्या गोड बोलण्याचा मला इतका राग आला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी फोन कापला.

हे माळ्याच्या दाराशी वाकले आणि चिमटीनं चुना सोडत आतल्या बाजूला एक आडवी जाड रेघ ओढली. नकाशात कडी दाखवत नाहीत, हे त्यांना काय माहीत नव्हतं? मुलगी आमच्याकडे पाठ करून खोलीच्या मधोमध खाली बसली.

मी जिन्याशी गेले. गुडघे ठणकत होते, तरी प्रत्येक रेघेवर पाय उचलला. दाराशी आले आणि त्या रेघेपुढे थांबले.

"आत येऊ का वं?" मी विचारलं.

"थांब थोडं," ती म्हणाली.

मी उन्हात तशीच दाराबाहेर उभी राहिले.