सकूच्या अंगणातला बुंधा

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर सकूचं घर विचारलं, तर लोक नाव सांगायचे नाहीत. "जांभळीपाशी जा," एवढंच म्हणायचे. झाड कुणी लावलं होतं की आपसूक उगवलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निम्मं अंगण त्याच्या सावलीत असायचं आणि उन्हाळा सरता सरता सगळी माती जांभळी व्हायची.

सकू मूळची वांगणीची. लग्न होऊन तुळशीदासच्या घरी आली आणि दरवर्षी भात झोडून झालं की त्याच्याबरोबर वीटभट्टीवर जायला लागली. पहिली दोन मुलं तिकडेच झाली, तिकडेच गेली. तिसरी प्रगती. ती रांगायला लागली तेव्हा सकूने नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही जा भट्टीवर. मी हिला घेऊन इथंच राहीन. नागली खाऊ, कंद खाऊ, पण पोर तिकडं नेणार नाय." त्यानंतर ती कधीच गेली नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. पोर झाल्यापासून सकू त्याला "प्रगतीच्या बा" अशी हाक मारायची. शेतातून, विहिरीवरून, पडवीतून, दिवसातून वीसदा.

प्रगती आश्रमशाळेत शिकली, मोखाड्याला बारावी झाली आणि नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला. पण सुट्टीला घरी आली की शहाणपण सगळं खुंटीला. ओढणी कमरेला बांधून सरळ झाडावर चढायची.

"लग्नाला उभी करायचं वय नि ही माकडावाणी झाडावर!" सकू खालून ओरडायची.

"आये, वरची गोड असतात," वरून उत्तर यायचं.

त्या दिवशीही ती तशीच चढली. चार दिवसांनी नाशिकला जायचं होतं. "तिकडं कोण देणार मला फुकटची जांभळं? पोटभर खाऊन घेते," म्हणाली. सकू चुलीपाशी भाकरी थापत होती. तुळशीदास अंगणात नांगराला नवी पाचर ठोकत बसला होता. जांभळीची फांदी दगलबाज. वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम मोडते. कडाड आवाज झाला तसा तुळशीदास हात पसरून धावला. पण पोचला नाही. वीतभर राहिला.

शेजारच्या पुंजाने जीप आणली. सकूने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मोखाडा मागे पडला, जव्हारच्या रस्त्याला लागले, तेव्हा प्रगती म्हणाली, "आये, पाठीखाली काय तरी टोचतंय." सकूने हात घालून चाचपलं. पाठीखाली मऊ गोधडी होती, बाकी काहीच नव्हतं. तरी तिने काहीतरी काढून बाहेर टाकल्यासारखं केलं. "काढलं गं, बाय," म्हणाली. पोरीने मान हलवली. जव्हार यायच्या आधीच ती गेली.

तिसऱ्या दिवशी तुळशीदासने कुऱ्हाड उचलली. कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं. लाकूडफाटा पाड्यावरच्यांनी नेला. अंगणाच्या मधोमध उरला तो बुंधा, दोघांच्या कवेत न मावणारा, वरून लालसर, ओला.

पाऊस सुरू झाला आणि बुंध्याच्या सालीतून कोंब फुटले. तांबूस, लुसलुशीत पानांचे. तुळशीदासने ते ओरबाडून काढले. आठवड्यात पुन्हा आले, त्याने पुन्हा काढले. मग कुणीतरी मीठ घालायला सांगितलं. त्याने पहारीने भोकं पाडली, जाडं मीठ ठासून भरलं. इथला पाऊस तो. दोन दिवसांत सगळं मीठ धुऊन गेलं आणि बुंध्याकडेला लावलेली सकूची मिरची तेवढी जळाली. पाऊस उघडल्यावर पुंजाने रस्त्याच्या कामावरचा जेसीबीवाला आणून दाखवला. त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "मुळं घराखाली गेलीत. मी ओढलं तर भिंत संगती येईल."

सकू हे सगळं दारातून पाहायची. नवऱ्याला हाक मारायचीच पंचाईत झाली होती. "प्रगतीच्या बा" तोंडात यायचं आणि तिथंच अडायचं. मग ती नुसती भांडं आपटायची किंवा "अवं" म्हणायची. तोही अंगणात बसायचा सोडून मागच्या दाराने ये-जा करायला लागला होता. जेवायचा, शेतावर जायचा, रात्री पुंजाच्या पडवीत निजायचा.

बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला, घरातून दिसणार नाही असा, एक कोंब मात्र वाढत होता. त्याच्यावर फुटकी टोपली पालथी असायची. ती सकूने घातली होती. तुळशीदास शेतावर गेला की ती टोपली काढायची, तांब्याभर पाणी घालायची. चार पानांची सहा झाली, सहाची दहा. एवढंच बघायला ती सकाळी उठत होती.

भात झोडून झाल्यावर तुळशीदासने बुंध्याच्या घराकडच्या अंगाला भाताचं तूस आणि गोवऱ्या रचून धुमी लावली. हळूहळू जळत जाईल, महिनाभरात कोळसा होईल, असं त्याला कुणी सांगितलं होतं. तो बाहेर गेला तसा धूर टोपलीकडे सरकायला लागला. सकूने हंडा उचलला आणि सगळा रिता केला.

तो परतला तेव्हा राख ओली होती. त्याने वाकून बघितलं, मग टोपली बघितली. पायाने उलटी केली.

"तू पाणी घालतेस याला?"

"घालते."

"यानं माझी पोर खाल्ली, सके."

"तुमची एकट्याची होती?" सकूचा आवाज चिरकला. "मी काय रस्त्यावरनं आणली होती? दोन मातीत घातली, ही एक वाढवली. मला दिसायला काय तरी हिरवं असू द्या ना अंगणात!"

तुळशीदास खाली बसला.

"मला आवाज येतो. पुढच्या दारानं आलो, हे दिसलं, की कडाड येतो. नि माझे हात पुढं होतात. भर बाजारात झालं तसं, मोखाड्याला. लोकं बघाया लागली." त्याने हात पुढे करून दाखवले. "वीतभर, सके. वीतभरच राहिलो. हे इथं असलं तर मी नाय राहायचो. भट्टीवर जाईन तो परत नाय यायचो."

सकूने त्याच्या हातांकडे पाहिलं. दहा पानांच्या कोंबाकडे पाहिलं. नंतर घरात जाऊन निजली, पण डोळा लागला नाही. तिच्याजवळ आता दोनच उरले होते आणि दोन्ही ठेवता येत नव्हते.

सकाळी तुळशीदास उठून आला, तर सकू पदर खोचून टिकावाने बुंध्याभोवतीची माती उकरत होती. कोंब तिने आधीच हाताने मोडून चुलीत घातला होता.

"तू राहू दे. मी करतो," तो म्हणाला.

"दोघं करू."

त्याचा चुलता माघ्या, पाड्यावरचा जुना माणूस, काठी टेकत येऊन बसला. "आग नि मीठ काय करणार जांभळीला? मूळ तोडा. आधी कडेची, मग खालचं. घराखाली गेलेली तशीच ऱ्हाऊ द्या; वरून तोडली की कुजतील," म्हणाला. त्यांनी तसंच केलं. सकू उकरायची, पाणी ओतून मूळ धुवायची, तुळशीदास घाव घालायचा. एक मूळ मोकळं झालं की दुसरं. हाताला फोड आले, फुटले, वर फडकी बांधली. दुपारी दोघं एकाच ताटात जेवली. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच. शेवटी सोटमूळ तुटलं तेव्हा पुंजाने दोर बांधला, पाड्यावरची माणसं आली, पहारींनी उचकटून बुंधा बाहेर लोळवला आणि उतारावर ढकलून दिला.

खड्डा कंबरेएवढा होता. सकूने नदीकडची माती पाट्यांनी आणून भरला, धुमसाने ठोकला, वरून शेणाने सारवला. मधली जागा दोनदा खचली. दोन्ही वेळा तिनेच भरली.

तुळशीदास भट्टीवर गेला आणि शिमग्याला परत आला. पुढच्या दाराने आला. ऊन थेट दारापर्यंत होतं. त्याने पिशवी ठेवली, अंगणात मधोमध बसकण मारली, बिडी शिलगावली आणि इकडेतिकडे बघत राहिला.

"केवढं मोठं दिसतंय," म्हणाला.

सकू वरई पाखडत होती.

"हात आता पुढं होत नाय," तो म्हणाला.

"बरं झालं."

तो हाताने जमीन चाचपत राहिला. मग त्याने विचारलं, "कुठं होती गं नेमकी? इथं का तिथं? माझ्या ध्यानातच येत नाय बघ."

सकूला डोळे मिटूनही ती जागा सापडली असती. अंधारात पाणी आणायला निघाली तरी तिची पावलं तिथं वळसा घालायची. तिने सूप खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"असंल इथंच कुठंतरी," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.