फोनवरची ऑर्डर, माझं अक्षर

फाइल माझ्या छातीवर आदळली आणि पायाशी पडली. आतली पानं सुटून पलंगाखाली गेली. पलंग रिकामा होता. त्यावरच्या आजींना तासाभरापूर्वीच आयसीयूत हलवलं होतं. जनरल वॉर्ड, भेटायची वेळ. डबे घेऊन आलेले नातेवाईक जागच्या जागी थांबले.

"मेंढरं राखायची सोडून इकडं कशाला आलीस?" मोठे डॉक्टर म्हणाले. "जीव घेतला असतास म्हातारीचा."

मी पन्नाशीला टेकलेली सिस्टर. गुडघे बोलतात. तरी वाकले आणि पानं गोळा करायला लागले. एक पान भिंतीपर्यंत गेलेलं, म्हणून आडवी झाले. उठताना पलंगाच्या लोखंडी कडेवर डोकं आपटलं. टण्णकन आवाज आला. कुणीतरी हसलं.

ही गोष्ट मी घरी हसत हसत सांगितली. आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की पोरी येऊन बसतात, "आत्या, दवाखान्यातलं सांग की!" एरवी माझ्या गोष्टींत मी लई हुशार असते. पेशंट माझ्यामुळं वाचतो, डॉक्टर गप होतात. या गोष्टीत मी पलंगाखाली अडकलेली जाडी सिस्टर होते. पोरी पोट धरून हसल्या. मीही हसले. टण्णकन आवाज तर मी तोंडाने काढून दाखवला.

पण फाइल का फेकली, ते मी सांगितलं नाही.

आजी दुधनीकडच्या. पायाची जखम चिघळली म्हणून लेकाने आणलेलं. मराठीत कानडी मिसळून बोलायच्या. दाखल करताना मी विचारलं, कुठल्या औषधाचा त्रास झालाय का? तर म्हणाल्या, "व्हय यव्वा. मागं एक सुई टोचली, आनि तोंड ह्ये एवढं सुजलं. गळा आवळला की." लेकाने पिशवीतून घडी घातलेली जुनी चिठ्ठी काढली. इंजेक्शनचं नाव स्पष्ट होतं. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात ते लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

ही सवय दवाखान्यातली नाही. माझे वडील खरंच मेंढरं राखायचे, होटगीच्या पुढच्या माळावर. औषध पाजलं की त्या मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचे. चुकून दुसऱ्यांदा पाजायला नको म्हणून. शाळेत न गेलेला माणूस, पण पट्टा बघितल्याशिवाय मेंढीच्या तोंडाला बाटली लावायचा नाही.

आमच्या दवाखान्याची रीत वेगळी. मोठे डॉक्टर फोनवर औषध सांगणार. सिस्टरने ते फाइलमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहायचं. राउंडला आले की ते सही करणार, आठवण राहिली तर. पेशंट बरा झाला की औषध त्यांचं. बिघडला की अक्षर आमचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्यांनी तेच इंजेक्शन सांगितलं.

"सर, या आजींना त्याची रिअ‍ॅक्शन आहे. फाइलवर लिहिलंय."

"पेशंट काहीही सांगतात. तू डॉक्टर आहेस का?"

"नाही सर."

"मग दे."

फोन कट.

शंका असेल तर देऊ नका. नर्सिंगला पहिल्याच वर्षी हे शिकवतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता, मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि मी, एवढ्या वर्षांची सिस्टर, पैकीच्या पैकी मार्कांची, इंजेक्शन भरून आजींपाशी गेले.

आजींनी विचारलं, "ह्ये त्ये न्हवं ना, यव्वा?"

मी सुईतली हवा काढत राहिले.

"तू देतीस म्हंजे बरंच असंल," म्हणाल्या आणि हात पुढं केला.

पाच मिनिटांत ओठ सुजले. मग घरघर. ड्युटीवरचे डॉक्टर पळत आले म्हणून आजी वाचल्या. माझ्यामुळं नाही. माझ्यामुळं तर त्यांचा श्वास अडकला होता.

फाइल फेकून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"बसा सिस्टर. पहिलं पान नवीन लिहा. अ‍ॅलर्जीच्या पुढं लिहा, नातेवाइकांनी माहिती दिली नाही. फोनचं काही नको. जुनं पान माझ्याकडं द्या."

वॉर्डात मी 'तू' होते, केबिनमध्ये 'तुम्ही' झाले. काम असलं की आम्हाला मान मिळतो.

याआधी मी पानं बदलली नव्हती असं सांगितलं तर ते खोटं होईल. वेळा बदलल्यात. न घेतलेला ताप टेबलावर बसून लिहिलाय. सगळेच लिहितात, म्हणून मीही लिहिला. पण या वेळी त्या पानावर लेकाचा दोष लिहायचा होता. तो लेक बाहेर बाकावर बसला होता. ती चिठ्ठी अजून त्याच्या हातात होती.

डोळ्यांपुढं वडील वगैरे आले नाहीत. मला फक्त लाज वाटली. वॉर्डात वाटली त्याच्यापेक्षा जास्त.

मी नवीन पान घेतलं आणि लिहिलं. अ‍ॅलर्जी दाखल करतानाच सांगितलेली. ऑर्डर फोनवर. मी शंका काढली. "मग दे" असं उत्तर मिळालं. इंजेक्शन मी दिलं. खाली सही, वेळ, नोंदणी क्रमांक. जुनं लाल पान त्याच्या मागं लावून फाइल टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी वाचलं. "यात तूही अडकशील, कळतंय का?"

पुन्हा 'तू'.

"कळतंय, सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

बाहेर येऊन मी लेकाशेजारी बसले. म्हटलं, "भाऊ, चिठ्ठी तुम्ही दिली होती. चूक तुमची नाही. सुई मी टोचली." त्याने हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "फाइलची प्रत मागा. तुमचा हक्क आहे. आजच मागा." तो उठला आणि ऑफिसकडं गेला.

आता मी दुसऱ्या, लहान दवाखान्यात आहे. इथंही फोन येतात. मी म्हणते, "सर, मोबाइलवर लिहून पाठवा. नाहीतर मी देणार नाही." इथले डॉक्टर चिडतात. मला नाव पडलंय, वकिलीणबाई. पडू दे.

आजींच्या लेकाने तक्रार केली, पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. माझे यजमान म्हणतात, "तेवढं 'मी दिलं' हे बोलू नको." मी बोलणार आहे. त्यांनी सांगितलं आणि मी दिलं. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर येतील. त्यातलं एक गाळा असं कुणी म्हणालं, तर माझी सही होणार नाही.